पस्तीस पट लहान

मॉडेल स्पर्धेच्या रांगेत आपलं पहिलंवहिलं विमान छातीशी धरून उभ्या असलेल्या चिमणीचे कान पुढच्या जोडप्याकडे लागले होते. काकांच्या हातात ट्रक होता आणि त्यावर आभाळाकडे नाक केलेलं रॉकेट.

“अहो, याच्या टोकात खरोखर अणुबाँब असायचा?”

“छोटासा. रणांगणापुरता.”

“आणि जायचं कुठवर?”

“पस्तीस किलोमीटर. माझं मॉडेल पस्तीस पट लहान, म्हणजे या मापानं एक किलोमीटर.”

“अगबाई, आपलं घर तेवढ्यावरच आहे की! तोंड फिरवा त्याचं, फाटकाकडे करा.”

“तिकडे माझी शाळा आहे,” चिमणीला राहवलं नाही.

“बरं, मग खिडकीकडे?”

“तिकडे माझी सासुरवाडी,” टेबलामागचे परीक्षक म्हणाले. “तशी हरकत नाही म्हणा!”

सगळे हसले, काका सोडून.

“आडवं करता येईल का हो?” काकूंनी हळूच विचारलं.

“येईल, गोंद ओला आहे अजून. पण बक्षीस उभ्यालाच मिळतं गं. वर्षभर खपलोय यावर.”

“बघा बाई, तुमचं तुम्ही.”

काकांनी रॉकेट बोटानं अलगद खाली दाबलं आणि तसंच धरून ठेवलं.

“तू हो पुढे, बाळा,” ते चिमणीला म्हणाले. “हे वाळायला वेळ लागेल.”