गवत तिच्या अंगी लागतं

...आणि वर तो जनावरांचा डॉक्टर मलाच विचारतो, "हिला खायला घालता तरी काय?" काय घालतो? तुम्हाला सांगतो, काही म्हणजे काही घालत नाही. घरामागे गवताचा एक तुकडा आहे, त्यात ती उभी असते आणि गवत आपलं तिच्या तोंडात जातं. बाकीची घोडी दिवसभर चरतात आणि आहेत तशी राहतात, हिने नुसता वास घेतला तरी अंगी लागतो. आता मी साधा टेलर माणूस, मी काय करणार?

बरं, घोडी माझी नाही. लेकीची. लेकीला दूरच्या गावी नोकरी लागली, जाताना म्हणाली, "बाबा, एवढी सांभाळा, जागा मिळाली की घेऊन जाते." जागा मिळाली. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये पाटी आहे, चार माणसांची. तिथे घोडी कशी न्यायची? म्हणून तीन वर्षं झाली, ती इथेच. आणि नाव काय ठेवलंय, तर झुळूक. ही झुळूक अंग घासायला कुंपणाच्या खांबाला टेकते ना, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातल्या कपबश्या वाजतात.

तर डॉक्टरांनी तिच्या कुशीवर हात फिरवला. फिरवला, दाबला, परत फिरवला. "बरगडी कुठाय?" मी म्हटलं, असेल आत. ते हसले नाहीत. माझा हात धरून तिच्या मानेवर ठेवला, तिथे आयाळीखाली उशीसारखा कडक उंचवटा. म्हणाले, "ही सगळी चरबी. असंच चाललं तर एक दिवस खुरांच्या आत सूज येईल. मग घोडं उभं राहू शकत नाही, आणि जे घोडं उभं राहू शकत नाही..." आणि बॅगेची चेन लावली.

आता माझी अडचण समजून घ्या. एकतीस वर्षं मी दुकान चालवतो, आणि आमच्या धंद्यात कोणी जाड होत नाही. कापड आटतं. गिऱ्हाईक म्हणतं पॅन्ट कमरेला घट्ट झाली, मी म्हणतो कापडच तसलं होतं हो साहेब, आतली शिलाई उसवून दोन बोटं सैल करून देतो, गिऱ्हाईक खूश. पण घोडीला काय सैल करून देऊ?

डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. दर रविवारी छातीचा घेर मोजायचा, चरताना तोंडाला मुसकं बांधायचं, वाळलं गवत पाण्यात भिजवून त्यातली साखर काढून मगच द्यायचं, आणि रोज तासभर चालवायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पहिला रविवार. टेप गळ्यातच असते माझ्या, गेलो, पुढच्या पायांमागून फिरवली, तर टोकाला टोक पोहोचेना. आमची टेप दीडशे सेंटिमीटरची, तिच्यात कोट बसतात, घोडी बसत नाही. मग दोन टेपा शिवून एक केली. आणि ही बया टेप लावली रे लावली की श्वास भरून घेते. पोट आत ओढणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिली, फुगवून दाखवणारी ही पहिलीच.

मुसकं मीच शिवलं. जाड कॅनव्हासचं, खाली चार बोटांचं भोक, त्यातून गवताची दोन-चार पाती येतील तेवढीच. बांधलं आणि मागे वळतो तर कुंपणाशी शेजारच्या मास्तरीणबाई. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातला. "टेलरकाका, मुक्या जनावराचं तोंड बांधलंत?" मी म्हटलं, बाई, डॉक्टरांनी सांगितलंय. "डॉक्टर उद्या तुमचं तोंड बांधायला सांगतील." आणि ती झुळूक त्यांच्याकडे अशी बघत उभी, जशी काही मी तिला जन्मात घासभर दिलेलं नाही.

गवत भिजवायचं म्हणजे बादल्या आल्या. न्हाणीघरात बादल्या, ओट्याखाली बादल्या, दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी एक. आमची ही म्हणाली, "घरात माणसं दोन, बादल्या नऊ, आणि आंघोळीला एकही मोकळी नाही." मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर गवत मोजून घ्यायचो, तर म्हणाली, "मला कधी असं काळजीने वाढलंत का?" मी साधा टेलर माणूस, मी काय करणार? मोजत राहिलो.

आणि चालणं. रोज सकाळी, दोर हातात, ती पुढे, मी मागे. खरं म्हणजे मी पुढे असायला हवं, पण ते तिला पटत नव्हतं. तीन आठवडे झाले. माझ्याच पॅन्टला कमरेत दोन चिमट्या घ्याव्या लागल्या. आणि तिचं माप? दोन सेंटिमीटर वाढलं. वाढलं हो. भिजवलेल्या गवतावर, चार बोटांच्या भोकातून. मी टेप तपासली, म्हटलं टेप आटली की काय.

मग एक सकाळ... रोज माझी चाहूल लागली की ती फाटकाशी येते. त्या दिवशी आली नाही. गवताच्या तुकड्याच्या मध्यावर उभी, पुढचे पाय पुढे ताणलेले, सगळा भार मागे टाकलेला. हाक मारली तर एक पाऊल टाकलं, तापलेल्या तव्यावर टाकावं तसं, आणि थांबली. मी खाली बसून खुराला हात लावला. गरम. दुसराही गरम. तुम्हाला खरं सांगतो, त्या घोडीवर मी तीन वर्षं कुरकुरलो, पण तिथे बसलो असताना मला उठताच येईना. आधी डॉक्टरांना फोन करायला हवा होता, आणि मी आपला तिला म्हणत होतो, उद्यापासून हवं तेवढं खा, फक्त चाल.

डॉक्टर आले, औषधं दिली, गवत पूर्ण बंद. मागच्या शेडमध्ये गुडघाभर लाकडाचा भुसा अंथरून तिला त्यात उभी केली, खुरांवर दर दोन तासांनी गार पाणी. मी शिलाई मशीन उचलून शेडमध्येच नेलं. ती कण्हायची, मी काजं करायचो. दुसरं काय येतं मला?

तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. आवाज वर्गातला नव्हता. म्हणाल्या, "मी रोज एक पाव देत होते. बारीक तुकडे करून, त्या भोकातून. फक्त एकच हो." तेवढ्यात टपाल घेऊन पोस्टमन आला, त्याने ऐकलं, टोपी काढली, म्हणाला, "काका, मी एक सफरचंद. फक्त एकच." मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. ती बादलीत बघत होती. म्हणाली, "तुमचा चहा बिनसाखरेचा केल्यापासून तो चमचा उरतो ना..."

मी कुणाला काही बोललो नाही. कसा बोलणार? तुम्हाला म्हणून सांगतो, रविवारी माप घेताना ती हलू नये म्हणून मी तिला गाजर देत होतो. फक्त एकच.

त्या दिवसापासून आमच्या गल्लीत शिस्त लागली. मास्तरीणबाई फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या, कुणी खिशात हात घातला की "हात बाहेर." सहाव्या आठवड्यात झुळूक शेडमधून फाटकापर्यंत आली, सावकाश, पण सरळ पावलांनी. पाच महिन्यांत माप तेरा सेंटिमीटरनी उतरलं. डॉक्टरांनी कुशीवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "मोजा." मी बोटांनी मोजल्या. एक, दोन, तीन... डोळ्यांत पाणी आलं हो. लोकांना नातवंडं बघून येतं, मला बरगड्या लागल्यावर आलं.

आता डॉक्टर जातील तिथे माझं नाव सांगतात. परवा दुकानात एक बाई आल्या. मला वाटलं कोट शिवायचाय, मी टेप काढली. त्या म्हणाल्या, "तुम्हीच ना ते, वजन उतरवणारे?" मी म्हटलं, बाई, मी फक्त घोडीचं... "तेच हो. आमच्या ह्यांना महिनाभर तुमच्यासोबत चालायला न्याल का?" नाही म्हणायला तोंड उघडतोय, तर त्यांनी दारामागून हात धरून एका गृहस्थांना पुढे आणलंच. बिचारे मान खाली घालून उभे, कोटाचं मधलं बटण तुटलेलं. आता मी साधा टेलर माणूस, मी काय करणार? आधी बटण लावून दिलं, आणि म्हटलं, सकाळी सहाला या... पुढे झुळूक चालते, तिला ओलांडायचं नाही.