मधल्या सुट्टीतल्या पेशी

(प्रयोगशाळा. स्टुलावर गुडघे टेकून नऊ वर्षांची नात सूक्ष्मदर्शकात बघते आहे. मागे तिचे आबा, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई. शेजारी पेशींचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरताई.)

नात : ही जांभळी टिंबं सगळी माझीच?

डॉक्टरताई : तुझीच. मागच्या वर्षी ऑपरेशन करून मेंदूतली गाठ काढली ना, तिचाच हा पातळ काप. आजच्या तपासणीत मात्र तुझं डोकं एकदम साफ निघालंय.

नात : आबा तर ते रिकामंच आहे म्हणतात. आबा, बघा ना. चावत नाही ती.

आबा : लांबूनच बरी. वर्षभर झोप उडवली हिने, आता तिचं तोंड कशाला बघू?

नात : ताई, ती माझ्याच डोक्यात का आली?

डॉक्टरताई : बाहेरून नाही आली, तिथलीच होती. तू आईच्या पोटात असताना तुझा मेंदू तयार होत होता. तेव्हा पेशी भराभर वाढतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग वाढ थांबवून, आपापल्या जागी जाऊन कामाला लागायचं असतं. तुझ्या काही पेशी थांबल्याच नाहीत. बाकीच्या मोठ्या झाल्या, या तान्ह्याच राहिल्या.

आबा : म्हणजे मधली सुट्टी संपली, मी घंटा दिली, पोरं वर्गात गेली, आणि एक टोळकं आपलं मैदानातच.

डॉक्टरताई : अगदी तसंच. शिकवायला येता का आमच्याकडे?

नात : पण त्यांना घंटा ऐकू कशी आली नाही?

डॉक्टरताई : पेशीच्या आत सूचना असतात. नवी पेशी होताना त्यांची नक्कल होते, त्यात चूक झाली. त्यात दोष तुझा नाही, आईचाही नाही.

आबा : आणि... मार लागला असेल तर?

डॉक्टरताई : कसला मार?

आबा : काही नाही, आपलं सहज विचारलं.

नात : आबा, तुमचे कान लाल झालेत.

आबा : ही पाच वर्षांची होती. सायकलवर पुढे बसवून आणत होतो. वळणावर घसरलो, ही डोक्यावर पडली. चांगलं टेंगूळ आलं. घरी सांगितलं, दारावर आपटली. आणि तीन वर्षांनी ही गाठ निघाली. तेव्हापासून सायकलला हात लावलेला नाही मी.

डॉक्टरताई : आबा, अशा गाठींची सुरुवात बहुतेक वेळा जन्माच्या आधीच होते. तेव्हा कुठली सायकल आणि कुठलं वळण?

आबा : मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?

डॉक्टरताई : मी दिवसभर याच पेशींमध्ये असते. ही पडल्यामुळे झालेली नाही, एवढं नक्की.

आबा : हलकं वाटलं हो. फार हलकं वाटलं... छकुले, आईला तू काही बोलू नकोस. आज मीच सांगतो.

नात : तिला माहीत आहे.

आबा : कधीपासून?

नात : मी त्याच दिवशी सांगितलं होतं.

आबा : मग एवढी वर्षं ती बोलली कशी नाही?

नात : ती म्हणाली, गप्प बस, तुझ्यापेक्षा आबांनाच जास्त लागलंय.