स्विंगआर्मला कुठला रंग?

गाडीचं काय झालं म्हणून विचारता, तर ऐका. शहरातून शिकून आल्यावर गावी, केंदूरलाच राहायचं ठरवलं आणि आधी आप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी मोटरसायकल नीट करायला घेतली. मागचं चाक धरणारा स्विंगआर्म पावडर कोटिंगला, म्हणजे पावडरचा रंग भाजून चढवायला, द्यायचा होता, पण आतलं गंजलेलं बेअरिंग काढल्याशिवाय कोटिंगवाला तो भट्टीत घालेना. बेअरिंग सैल व्हावं म्हणून आप्पांनी तो चुलीवर तापवला, मी हातोडा घेतला.

“आप्पा, आता मी इथंच राहणार. रोज याच गाडीवर शिरूरला कामाला जाणार.”

“व्हय. मार लवकर, गार होतंय.”

शेवटी बेअरिंग निसटून खाली पडलं. मी ओरडलोच, “निघालं! आता रंग कुठला सांगू?”

“काळाच सांग,” आप्पा म्हणाले. “तू माघारी गेल्यावर इकायला बरं पडंल.”