शनिवारपर्यंत पोचणारा ब्रश

(हिंगणघाटचं घर, दुपार. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली काजल नागपूरच्या होस्टेलवरून रविवारपर्यंत राहायला आली आहे. तिची मोठी बहीण आचल, सिंदी मेघे गावी दिलेली, तीही माहेरी आली आहे. दोघी पलंगावर, मधे मोबाइल; त्यावर केस बसवायचे गरम हवेचे ब्रश पाहत आहेत.)

काजल : नाई ताई, हा नको. याचा गोल लहान हाये. लहान गोलानं केस अजून वळतात. माह्ये तं पयलेच कुरळे.

आचल : मंग हा पाह्य. चपटा, लांबट. कुरळे केस सरळ होतात म्हणून लिहिलं हाये.

काजल : थंड हवेचं बटन हाये का याले? होस्टेलवरच्या नलूपाशी एक हाये, त्याले एकच गरमी. पोरीच्या केसाचे टोकं झाडूवानी झाले.

आचल : हाये. गरमीचे तीन टप्पे, अन् वरून थंड हवा. ओल्या केसाले लावायचा नाई. टॉवेलनं पुसायचे, अर्धेअधिक वाळू द्यायचे, मंगच फिरवायचा.

काजल : केवढं वाचलंस व तू.

आचल : चार दिवसापासून पाहून राह्यली. घरचं सारं आवरलं का मोबाइल घेऊन बसतो मी.

काजल : माह्यासाठी?

आचल : मंग कोणासाठी? तुह्या फेअरवेलचं गिफ्ट.

काजल : होस्टेलवर सांगीन मी सगळ्यायले. रूमवरच्या पोरी म्हणतात, तुह्या तोंडात दिवसभर ताईच असते. घे मंग हाच, चपटा. फक्त वायर पाहून घे, आपल्या आरशापाशी प्लग नाई.

आचल : वायर लांब हाये. पण हा मंगळवारी पोचते. तो लाल शनिवारी पोचते. लालच घेऊ.

काजल : लालले जळका वास येते म्हणून किती जणीनं लिहिलं, पाह्य ना खाली. मंगळवारी आला तरी चालते. फेअरवेल वीस तारखेले हाये.

आचल : नाई, शनिवारीच पाह्यजे.

काजल : काऊन?

आचल : असंच. एकदोनदा फिरवून पाहा लागते. एकदम हात बसत नाई.

काजल : मंगळवारनंतरही बारा दिवस राह्यतात, ताई. बारा दिवसात हात बसत नाई का?

आचल : तू लय खोदून विचारतं बापा.

काजल : रविवारी काय हाये?

आचल : काही नाई. पाहुणे येऊन राह्यले.

काजल : कोणते?

आचल : आमच्याकडचे. सासूबाई, मामंजी. अन् निकेशभाऊजी.

काजल : तुहा दीर? तो तं पुण्याले असते.

आचल : सुट्टी घेऊन येऊन राह्यला. काजे, चिडू नको. आधी आयकून घे.

काजल : आयकून राह्यली. बोल.

आचल : दिवाळीत गच्चीवर काढला तो तुहा फोटो सासूबाईनं पाह्यला. त्याईले आवडला. नर्सिंगवाली पोरगी घरात असली तं बरंच, म्हणे. पण शेजारच्या प्रमिलामावशी बसल्या होत्या बाजूले. त्या म्हणे, पोरगी छान हाये, केस तेवढे विस्कटलेले दिसतात. मंग सासूबाईनं मले सांगतलं, रविवारी केस बसवून ठेवजो तिचे. त्या रागानं नाई बोलल्या. साधंच बोलल्या.

काजल : फोटो त्यायच्यापाशी कसा गेला?

आचल : म्या दाखवला.

काजल : आईले माहीत हाये?

आचल : हाये. बाबालेही.

काजल : म्हणून बाहेरच्या खोलीले रंग मारला. म्या बाबाले फोनवर विचारलं, तं म्हणे पोपडे निघत होते. म्हणजे साऱ्या घराले माहीत होतं, अन् मी इथं बसून ब्रशची वायर मोजून राह्यली.

आचल : मी आज सांगणारच होती.

काजल : ब्रश पसंत झाल्यावर?

आचल : असं नको बोलू.

काजल : तुले पाहाले आलते तवा तू एकोणीसची होतीस. परीक्षेचा फॉर्म भरून ठेवला होता, तो तसाच राह्यला. लग्नानंतर आपण गिरडले गेलतो. टेकडीवर दम लागला म्हणून पायरीवर बसलो, अन् माहा हात धरून तू म्हटलं, काजे, तुह्या लग्नाची कोणी घाई केली तं मी आडवी पडीन. म्या विचारलं नवतं. तूच म्हटलं. चौदा वर्षांची होती मी. तवापासून मले काही झालं तं पयले तुले फोन. आईले मंगच.

आचल : मले आठवते.

काजल : त्या आयसीयूच्या ट्रेनिंगचंही तुलेच सांगतलं होतं. अजून एक वर्ष नागपूरले राह्यचं हाये, पण बाबाले रिझल्ट लागल्यावर सांगीन म्हटलं. ते तं तू कोणाले नाई ना सांगतलं?

आचल : थांब, तुले पाणी आणतो.

काजल : ताई.

आचल : बाबाले सांगतलं. म्हणूनच त्याईनं घाई केली.

काजल : काऊन केलं असं? बाबाचं समजते मले. आईचंही. त्याईनं मले कधी काही कबूल केलं नवतं. पण तू?

आचल : सात वर्षं झाले त्या घरात. हे सकाळी दुकानात जातात, ते जेवाले येतात तेवढेच. सासूबाई बोलतात ते काम सांगाले. परवा दुपारी गॅसवाला आला, त्याच्याशी मी उगाच बोलत राह्यली, सिलिंडर कुठून येते, गाडीत किती राह्यतात. तो गेल्यावर मलेच कसंतरी वाटलं. मंग निकेशभाऊजीची गोष्ट निघाली. लग्न झालं का सुनेले वर्षभर इथंच ठेवू, म्हणे सासूबाई. म्या म्हटलं, काजल आली तं दोघी राहू. पोरगा चांगला हाये व. पीत नाई, बोलाले शांत हाये. वाईट घरात नवती लोटत मी तुले.

काजल : वर्षभर कुठं राह्यचं तेही ठरलं.

आचल : मी होती ना तुह्यासोबत.

काजल : तू एकटी पडली हे मले सांगतलं असतं, तं मी दर रविवारी आली असती. नागपूरहून दोन तास लागतात. एवढंच तं होतं.

आचल : सांगाची लाज वाटली.

काजल : हे कराची नाई वाटली. रडू नको. आई येईन आतून.

आचल : आता काय करशीन?

काजल : बाबाले सांगीन, मले रविवारी नाई जमत. आजची पाच वाजताची बस हाये. ओरडतीन ते. ओरडू दे.

आचल : अन् मी सासूबाईले काय सांगू?

काजल : ते मले नको विचारू. फोटो देताना नाई विचारलंस.

आचल : काजे, तो चपटा मागवतो मी. मंगळवारवाला. होस्टेलच्या पत्त्यावर. खरंच फेअरवेलसाठी.

काजल : नको ताई. माह्या केसाले काही करू नको आता.

आचल : थांब, डबा देतो भरून. तू जेवलीही नाईस नीट.

काजल : राहू दे. बॅग तेवढी दे इकडे.

आचल : पोचली का फोन करजो.

काजल : आईले करीन.