विभूतीवरची काच

…अन् वर मलाच म्हणायलेत, "अप्पा, बोट नीट लावा!" अहो, बोट नीटच हाय! बावीस वर्सं झाली, निंबर्ग्याच्या देवळात दर श्रावणात ह्याच बोटानं पोथीची पानं उलटायलो, तवा कुणाची तक्रार न्हवती. आताच बोट कामून वाईट झालं? बोट न्हाई हो… काच! जपून ऱ्हावं म्हणून लावली, अन् माझ्याच जिवावर उठली!

तुमाला सांगतो, पहिल्यापास्नं सांगतो, मधी बोलू नका. औंदा डोळ्यांनी दगा दिला. पोथीतली अक्षरं मुंग्यांवानी पळायली. अन् तिकडं गावातला अंबाजी माझ्या जागेवर टपूनच बसलेला! "अप्पा, दमला असाल, औंदा मी वाचतो की…" अरं, तुला जोडाक्षर आलं की ठसका लागतोय, तू काय वाचतोस? पाट माझा हाय! देवळात त्या पाटावर बसलो की आख्खं गाव हात जोडून ऐकतंय. अन् खाली उतरलो की मी कोण? पेंडीच्या दुकानातला जगदेवप्पा. एवढा एक महिना हाय हो माझा, वर्सातला!

तर पुण्याला माझी लेक हाय, विजयश्री. तिनं यंत्र धाडलं, ई-रीडर. पाटीएवढं, आत सगळी पोथी भरलेली. बोट लावलं की पान उलटतंय, अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतंय. मला रडूच आलं. म्हणलं, सुटलो, पाट वाचला!

पण नवी वस्तू घरात आली की आमच्यात काय करतेत? आमच्या उमादेवीनं, म्हंजे घरच्यांनी हो, यंत्र देवापुढं ठेवलं अन् तीन बोटांनी ओली विभूती ओढली. कुठं? बरोबर काचेवर! आडवे तीन पट्टे! म्हणलं, "अगं, तिथं वाचायचं असतंय! मागं लावायची न्हाई का?"

"मागं? विभूती कपाळाला लावतेत, का पाठीला?"

ऱ्हायली विभूती काचेवरच!

तेवढ्यात लेकीचा फोन. "अप्पा, काच लई नाजूक हाय बरं का, ओरखडा पडला की संपलं. वरनं दुसऱ्या काचेचं गार्ड लावून घ्या." झालं! यंत्र टॉवेलात गुंडाळलं अन् बस धरून तालुक्याला, आळंदला गेलो. तिथं बसवेशचं मोबाईलचं दुकान हाय. त्यानं बघितलं, यंत्र बंद असलं तरी वर झाडाचं चित्र दिसतंय. त्याला वाटलं, हे कंपनीचं स्टिकर. लागला की नखानं खरवडायला! म्हणलं, "अरं अरं अरं… स्टिकर न्हाई ते! यंत्र झोपलं की तसंच दिसतंय!" मग त्यानं फडकं काढलं अन् विभूती पुसायला गेला. मी त्याचा हातच धरला. "पुसू नको! देवाचं हाय ते!"

"अप्पा, न पुसता काच बसंल कशी?"

"कशी बी बसव! उमादेवीनं लावलीय. पुसून घरी जाऊ व्हय?"

बसवली बाबानं. कुठल्या तरी मोठ्या मोबाईलची जाड काच कापून, विभूतीसकट, वरनं चिकटवली! अन् म्हणतो कसा, "हो गया अप्पा! अब हथौडा मारो, कुछ नै होता!"

अन् खरंच हो! हातोडा मारला असता तरी कायबी झालं नसतं, अन् बोट लावलं तरी कायबी होईना! जपून ऱ्हावं म्हणून लावली हो…

पहिला श्रावणी सोमवार. दुपारचे चार. देऊळ गच्च. आमचं गाव सीमेवरचं, रीत अशी, मी मराठीत ओवी वाचायची, अन् शेजारी वीरभद्रप्पानं कन्नडात अर्थ सांगायचा. निम्म्या सुना कानडी बोलणाऱ्या, त्यांना कळाय पाहिजे का नको? कथा आली राजकन्येच्या लग्नाची, ते पान काच लावायच्या आधीच उघडून ठेवलेलं. पट्ट्यांखाली तीन ओळी गेलेल्या, त्या अंदाजानं ठोकल्या. मांडव घातला, वाजंत्री लावली, राजकन्या हार घेऊन उभी ऱ्हायली… अन् पान संपलं. बोट लावलं. हलंना. दाबलं. हलंना. घासलं, धोतराला बोट पुसून लावलं, मनातल्या मनात हात जोडले… हलंना!

वीरभद्रप्पा म्हणायलाय, "मुंदऽ ओद्री!" पुढं वाचा! कुठलं पुढं? राजकन्येचे हात दुखून आले, माझं पान उलटंना!

अन् मग सवय नडली. जल्मभर पोथी कशी उलटली? जिभंला बोट लावून! लावलं थुंकीचं बोट… अन् यंत्राच्या अंगात आलं! फर्रर्र… किती पानं पळाली, कुणाला ठावं! मी आपला सुरात, "नातू घेऊनि मांडीवरी, वृद्ध राजा अश्रू ढाळी…" अन् वीरभद्रप्पा इमानदार माणूस, त्यानं तसंच्या तसं कन्नडात सांगून टाकलं!

पुढं बसलेली चांगुणाबाई ओरडली, "अगं बया! हार घालायच्या आधीच नातू?"

देऊळ हसायलंय, खांब तेवढे हसायचे ऱ्हायले! "अप्पा, बोट नीट लावा!" कोण? अंबाजी! पोथी काखंत मारून पाटाकडं सरकायलाय! मी नखानं काच उचकटायलो, निघंना. नख तुटलं, घाम फुटला, डोळ्यांत पाणी. म्हणलं, देवा, बावीस वर्सं गेली, आता ह्या वितभर काचेपायी…

तेवढ्यात बायकांतनं आवाज आला. "हाती घेऊनि पुष्पमाळा, कन्या उभी मंडपी…"

बघतोय तर उमादेवी! डोळे मिटलेले, शब्दाला शब्द, कुठं अडणं न्हाई. दुसरीतनं शाळा सुटलेली बाई! बावीस वर्सं मी घरात घोकायलो अन् ती भाकरी थापत ऐकायली… पाठ झाली हो तिला, सगळी! मी अंदाजानं ठोकलेल्या त्या तीन ओळी बी तिनं मागं जाऊन नीट करून सांगितल्या. हसणारं देऊळ हात जोडून बसलं. अंबाजी बी पोथी मांडीवर घेऊन खाली बसला.

आता पाटावर उमादेवी असती. पाट घरातच ऱ्हायला म्हणा… मला बी काम हाय की! पोथी समोर पाहिजे अशी रीत, म्हणून मी खाली बसून यंत्र दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरतो. ती बघत सुदिक न्हाई त्याच्याकडं. काल सवयीनं माझं बोट जिभंकडं गेलं, तर दोन ओव्यांच्या मधी, डोळे न उघडता, हळूच म्हणती कशी…

"बोट लावू नका ओ… काच हाय, जपून धरा."