पान एकशे बारावरचा तक्ता

मावशी: अगं, आधी डोळे पूस. तोंडी परीक्षेत एक उत्तर चुकलं म्हणून पहिल्याच वर्षी कॉलेज सोडायचा अर्ज?

भाची: एक उत्तर? सर हसले, मावशी! म्हणाले, "बाई, तुम्ही वकील होणार?" तू फक्त शुद्धलेखन बघ. छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधतेस, माझ्या दोन शोध.

मावशी: विचारलं काय होतं?

भाची: संसद सर्वोच्च कुठं, ब्रिटनमध्ये की भारतात? मी ठासून सांगितलं, भारतात. भारतात संसदेनं केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकत नाही, ब्रिटनमध्ये करू शकतं.

मावशी: (अर्ज खाली ठेवत) उलटं आहे ते.

भाची: कळलं आता! ब्रिटनमध्ये संसदेचा शब्द शेवटचा. भारतात संसदेच्या डोक्यावर राज्यघटना. तिच्याबाहेर पाऊल टाकलं की कोर्ट कायदा रद्द करतं. शेंबडं पोरही सांगेल. मी तुमच्या छापखान्यात छापलेलं पुस्तक घोकलं, तरी उलटंच बसलं. डोकं नाही, मडकं आहे माझं!

मावशी: तुझं डोकं ठणठणीत आहे. पान एकशे बारा बघ.

भाची: तो तक्ता? त्याचं काय?

मावशी: दोन रकान्यांचे मथळे अदलाबदल झालेत. ब्रिटन हवं तिथं भारत. शेवटच्या प्रुफावर सही माझी आहे.

भाची: तुला कधी कळलं?

मावशी: पुस्तक बांधून आलं त्याच आठवड्यात. मालकांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. बावीस वर्षांत एक चूक नाही म्हणून मिरवत होते ना! माझ्या प्रतीत तेवढं पेनानं दुरुस्त केलं.

भाची: आणि मला दिलेल्या प्रतीत?

मावशी: तू इथंच बसून मोठ्यानं पाठ करत होतीस. मी ऐकलं. आणि गप्प बसले. लाज वाटते गं माझी मला.

भाची: आठ दिवस मी स्वतःला मूर्ख म्हणतेय, मावशी. आठ दिवस!

मावशी: बोल, हवं ते बोल मला. पण तो अर्ज फाड. उद्या प्रुफं घेऊन तुझ्या सरांकडे येते. मालकांनाही सांगते. नोकरी जायची तर जाऊ दे.

भाची: त्या दिवशी परीक्षेला माझ्याआधी आत गेलेली मुलगीही रडतच बाहेर आली. हातात हेच पुस्तक होतं.

मावशी: अगं बाई... नाव काय तिचं?

भाची: विचारलं नाही. वाटलं, आम्ही दोघीच ढ.