वच्छलाबाईंची चक्कर

नागपूरहून यवतमाळला निघालेल्या एसटीत संगीताच्या मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. वर्धा सोडल्यापासून पुंडलिकराव बायकोवर धुमसत होते.

"आपल्या रजतनं शर्यतीच्या ट्रॅकवर ते गाडी माह्यासाठी भाड्यानं घेतली. चालवाले तू काहून बसली?"

"तुमाले एका चकरेतच गरगरलं. पोरगा म्हणे, आई, आता तू बस."

"बस म्हणलं तं बाजूले बसा लागते, वच्छले!"

"बाजूले तो शिकवणारा बसला होता ना."

"लायसन काढलं म्हणजे का विमान उडवाचं? मी कठड्यापाशी उभा राहून 'हळू, हळू' वरडून राह्यलो होतो."

"आयकू नाही आलं. हेल्मेट होतं."

"अन् आलं असतं तं?"



"तो शिकवणारा म्हणे, 'और दबाओ, माताजी.' घरच्या गाडीले हात लावला का तुमी म्हणता, राहू दे, ठोकशीन. 'आणखी' असं मले कोणी म्हणलंच नाही."

"म्हणतो ना मी! रोज जेवताना म्हणतो, 'आणखी वाढ!'"

संगीतानं पदर तोंडाशी धरला.

कळंबला दोघं उतरली. त्यांची गाडी स्टँडबाहेर लिंबाखाली उभी होती. उघड्या खिडकीतून संगीताला ऐकू आलं.

"चाबी आणा."

"हा का शर्यतीचा रस्ता आहे?"

"नाही. म्हणून हळू चालवीन."

पुंडलिकरावांनी कपाळावर हात मारला, चावी दिली, गाडीला वळसा घालून शेजारी बसले आणि आधी पट्टा लावला.